बाबांना छळायला पाठवलेली गाणी

४ मार्च

बाबा,

या जागी 'तीर्थरूप' लिहायचं असतं. तुम्हीच शिकवलंत. पेन टेकवून बसले होते, पण तो शब्द काही उतरला नाही. म्हणून नुसतं बाबा.

फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता. पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येणार नाही. एवढा एक फायदा मला घेऊ द्या.

दादाचा परवा फोन आला होता. तुमचं काय चाललंय ते मी विचारत नाही हे त्याला माहीत आहे, तरी त्याने सांगितलंच. म्हणाला, बाबांना हल्ली काही ऐकवत नाही. आयुष्यभर जमवलेल्या तबकड्या काढतात, लावतात आणि दुसऱ्या मिनिटाला बंद करतात. रेडिओ लावला तर म्हणतात, पुढे काय येणार ते मला ठाऊक आहे. नवीन काही लावलं तर म्हणतात, हेही जुनंच आहे. मग खिडकीशी खुर्ची ओढून बसतात. डॉक्टरांनी सगळं तपासलं, कान चांगले आहेत, रक्त चांगलं आहे. मन रमेल असं काहीतरी बघा म्हणाले.

पन्नास वर्षं व्हायोलिन शिकवलेला माणूस, आणि त्याला आता एकही सूर गोड लागत नाही. हे ऐकून मला काय वाटलं ते मी दादाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. मला बरं वाटलं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

दादाची मागणी अशी की मी तुम्हाला काहीतरी नवं शोधून पाठवावं. 'तुला त्यातलं कळतं,' असं म्हणाला. मला कळतं हे तुमच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कबूल केलं. तेव्हा मी हो म्हणाले.

सोबत पेनड्राइव्ह आहे. दादा तो स्पीकरला लावून देईल. त्यात एकच गाणं आहे. मात्र गैरसमज नको. तुमचं मन रमावं म्हणून मी हे करत नाहीये. तुम्हाला जे जे सहन होत नाही ते ते शोधून मी पाठवणार आहे. या पहिल्या गाण्यात गाणाऱ्याचा आवाज यंत्रातून असा काढलाय की डब्यात माशी अडकली आहे असं वाटतं. शेवटपर्यंत ऐका.

तुमची मुलगी


२१ मार्च

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. लाल शाईत. घरात निळं पेन नव्हतं, की मुद्दाम?

'दहापैकी दोन. ताल पक्का. गळा नाही.' एवढंच. खाली सही, आणि सहीखाली ती रेघ, प्रगतिपुस्तकावर मारायचात तशी. मी तुम्हाला छळायला गाणं पाठवलं आणि तुम्ही ते तपासून परत केलंत.

ठीक आहे. मलाही हार मानायची सवय नाही, ती तुमच्याकडूनच आली असणार.

मी काय काम करते ते तुम्ही कधी विचारलं नाही, म्हणून सांगते. मी दातांच्या कवळ्या करते. तळघरातली लॅब आहे. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे येतात, त्यात आम्ही प्लास्टर ओततो, मग मेणात दात बसवतो आणि दोन्ही जबडे एकमेकांवर नीट मिटतात का ते बघतो. हिरडी कुठं जाड ठेवायची, कुठं घासायची, हे बोटांना कळावं लागतं. माझ्या कवळ्या परत येत नाहीत. तुमच्यावर गेली कित्येक वर्षं दात धरून आहे असं म्हणायला हरकत नाही, कारण दात धरणं हा माझा धंदाच आहे.

शेजारच्या टेबलावर पॉलिश करणारी एक आहे. माझ्यापेक्षा लहान आहे, तरी सगळे तिला मावशी म्हणतात. तिला मी सांगितलं की एका म्हाताऱ्या व्हायोलिन शिक्षकाच्या डोक्यात जाईल असं गाणं हवंय. तिने पॉलिशचं चाक बंद केलं. म्हणाली, तू तर लॅबमध्ये कुणी गुणगुणलं तरी उठून जातेस, तुला गाणी कशाला? मी म्हटलं, मला नकोत, एकाला द्यायची आहेत. तेव्हापासून ती कामाला लागली आहे. बसमधल्या माणसांना, जिन्यातल्या शेजाऱ्यांना, तिच्या नवऱ्याच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना विचारत सुटते आणि रोज दुपारी मला म्हणते, 'घे, आजची रद्दी.'

ती रद्दी मला ऐकावी लागते. पाठवायचं ते ऐकल्याशिवाय कसं निवडणार? दोन खोल्यांच्या माझ्या घरात कित्येक वर्षांत पहिल्यांदा गाणं वाजतंय. खालच्या मजल्यावरचा चाव्यांचा दुकानदार विचारत होता, बाई, पाहुणे आलेत का?

मला त्यातलं काहीही आवडत नाही. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटायचं की मी मजेत आहे. एकामागून एक ऐकते आणि प्रत्येक वेळी पुढे काय येणार ते आधीच कळतं.

दुसरं गाणं सोबत आहे. त्यात एक माणूस नुसता ओरडतो.


१२ एप्रिल

बाबा,

'दहापैकी तीन. ओरडण्यात शिस्त आहे.' हे वाचून मी तुमचं पत्र चुरगाळलं, आणि मग पुन्हा सरळ केलं, कारण त्याखाली एक ओळ आणखी होती. 'हे सगळं तू का करते आहेस?'

तुम्हाला खरंच आठवत नाही की आठवायचं नाहीये?

तुमच्या वर्गाचा वार्षिक कार्यक्रम. मी सोळा वर्षांची. माझ्या खांद्यावर आईचं व्हायोलिन. लग्नाआधी ती नाटकांच्या वाद्यवृंदात ते वाजवायची. लग्नानंतर 'घरात एक वाजवणारा पुरे' असं तुम्ही म्हणालात आणि ते कपाटात गेलं, तिथून माझ्याकडे आलं. आई पहिल्या रांगेत बसली होती. तुम्ही विंगेत, हातात पट्टी घेऊन.

मी वाजवत होते त्या धुनेत शेवटी एक लांब सूर येतो. मी तो किंचित खाली उतरू दिला आणि तिथंच धरला. चुकून नाही. मला तिथं तसं वाटत होतं. आठवडाभर घरी तसं वाजवून पाहिलं होतं. आईने स्वयंपाकघरातून येऊन 'परत वाजव' म्हटलं होतं.

तुम्ही टाळी वाजवून मला थांबवलंत. मंचावर आलात. सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावरून व्हायोलिन काढून घेतलंत आणि समोर बसलेल्या तुमच्या लाडक्या विद्यार्थ्याच्या हातात दिलंत. सोन्या म्हणायचात ना त्याला? 'या मुलीच्या हातांना भाजी चिरू दे. तू वाजव, म्हणजे हिला कळेल सूर कुठं असतो.' लोक हसले. सोन्याने अगदी बरोबर वाजवलं. लोकांनी टाळ्या दिल्या. आणि कार्यक्रम संपल्यावर तुम्ही ते त्यालाच देऊन टाकलंत. ज्याच्या हाताला शोभतं त्याच्याकडे वाद्य असावं, म्हणालात. आईचं होतं ते. तुम्ही तिलाही विचारलं नाहीत.

आईने घरी येऊन व्हायोलिनची रिकामी पेटी माळ्यावर टाकली. त्यानंतर मरेपर्यंत ती तुमच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही. कधी डोकं दुखायचं, कधी कंबर. तुमच्या ते लक्षात आलं होतं का? मला नाही वाटत. तुम्हाला फक्त मंचावरचं दिसायचं.

मी घर सोडलं ते तुम्हाला वाटतं तसं नोकरीसाठी नाही. आणि त्या दिवसानंतर मला कुठलंच संगीत लागलं नाही. लोक हरखून जातात, डोळे मिटतात, मला समजतच नाही त्यांना काय होतंय. तुमची आता जी अवस्था आहे ना, त्यात मी तुमच्या आधीपासून राहते. म्हणून तर दादाचा फोन आला तेव्हा मी हसले. म्हटलं, या बाबा, बसा. जागा आहे.

आता कळलं का मी हे का करते ते? तिसरं गाणं सोबत. यात गायकाला सर्दी झालेली आहे.


९ मे

बाबा,

सर्दीवाल्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मार्कही नाहीत. दादा म्हणाला, तुझं पत्र वाचून बाबांनी खुर्ची पुन्हा खिडकीशी ओढली. बरं झालं.

सोबत चौथं. आतापर्यंतचं सगळ्यात वाईट. तिघी जणींनी त्यांच्या इस्त्रीच्या दुकानात बसून वाजवलंय, मागे वाफ सुटल्याचा आवाज येतो. गळा बसका. सूर खाली. तुम्ही पट्टी शोधाल.

जास्त लिहायला वेळ नाही. लॅबमध्ये काम तुंबलंय, एक कवळी पुन्हा करावी लागतेय.


२८ मे

बाबा,

तुमचं पत्र आल्यापासून मी धुमसते आहे. चार वेळा लिहायला बसले आणि उठले.

तुम्ही लिहिलंय, 'ही बाई सूर खाली का धरते? आधी चूक वाटली. म्हणून पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्या वेळी कळलं की ती तिथं मुद्दाम थांबते, आणि अ‍ॅकॉर्डियन तिच्यासाठी थांबतं. ही चूक नाही. दादाकडून सतत लावून घेतो आहे. दुपारी झोपत नाही. या कोण आहेत? त्यांचं आणखी असेल तर पाठव.'

दादानेही फोन करून सांगितलं. बाबा खुर्ची खिडकीपासून ओढून स्पीकरपाशी घेऊन बसले, त्यांचा हात मांडीवर हलत होता. तो आनंदाने सांगत होता. मी फोन ठेवून दिला.

'दुसऱ्या वेळी कळलं.' बाबा, माझ्या वेळी तुम्ही दुसऱ्यांदा ऐकलं नाहीत. पहिल्यांदाही पुरतं ऐकलं नाहीत. एका अनोळखी इस्त्रीवालीला तुम्ही जे दिलंत ते पोटच्या पोरीला द्यायला तुम्हाला काय जड गेलं असतं? मी तोच सूर तसाच खाली धरला होता. तोच. तिला तुम्ही थांबून ऐकता आणि माझ्या खांद्यावरून वाद्य उचलता.

आणि आता ऐका, मागच्या पत्रात मी काय लपवलं ते. ते गाणं वाईट म्हणून मी पाठवलं नव्हतं.

मावशीने ते दुपारी रद्दी म्हणूनच लावलं, तिच्या टेबलावर, फोनवर, पॉलिशच्या चाकाच्या घरघरीत. मी एका आजोबांच्या वरच्या कवळीला दात बसवत होते. ड्रम हलकेच वाजत होता, अ‍ॅकॉर्डियन होतं, मग ती बाई गायला लागली. शब्द तिला आठवत नसावेत, मध्येच हसते आणि नुसतीच आलापत राहते. मला वाटलं आता ती वर जाईल. सगळे जातात. ती खाली आली आणि थांबली. माझ्या हातातली मेणाची सुरी तापलेली होती, ती तशीच टेकलेली राहिली आणि पुढचे दात मेणासकट वाकडे झाले. आजोबांची कवळी गेली. माझ्या हातून कवळी बिघडलेली मावशीने कधी पाहिली नव्हती. तिने चाक बंद केलं. मी म्हटलं, परत लाव. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. अंगावर काटा आला होता, मानेपासून कोपरापर्यंत, आणि माझी पहिली भावना आनंदाची नव्हती. मला भीती वाटली, की हे आता जाईल.

गेलं नाही. दुसऱ्या दिवशी लावलं, तरी होतं. त्यानंतर मावशीच्या रद्दीतली इतरही दोन-तीन मला लागायला लागली. सर्दीवालासुद्धा. बंद पडलेलं काहीतरी सुरू झालंय, आणि ते तुम्हाला छळण्याच्या नादात सुरू झालंय, हे मला अजून पचत नाहीये.

मग मी ते तुम्हाला का पाठवलं? तुम्ही त्याला नावं ठेवाल याची मला खात्री होती. तुम्ही दोन मार्क दिले असते तर मला कळलं असतं की तुम्ही तेव्हाही चूक होतात आणि आताही चूक आहात. जन्मभर निश्चिंतपणे तुमचा राग करता आला असता. तुम्ही तेवढंही सुख दिलं नाहीत.

त्यांची आणखी गाणी आहेत. माझ्याकडे आहेत. पाठवणार नाही.

आईचं व्हायोलिन परत आणा. मग बघू. दादाला पाठवायचं नाही, सोन्याच्या दारात तुम्ही स्वतः उभं राहायचं. आणि ते कुणाचं होतं हे त्याला तोंडाने सांगायचं.


३ जुलै

बाबा,

व्हायोलिन पोहोचलं. दादा स्वतः घेऊन आला, मांडीवर ठेवून, जसं काही तान्हं मूल आणलंय. चहा प्यायला, माझ्या दोन खोल्या बघितल्या, खिडकीतून खालचं चाव्यांचं दुकान बघितलं आणि म्हणाला, बाबा वर्षभरात पहिल्यांदा घराबाहेर पडले, बसने गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही.

तुमचं पत्रही दिलं. यावेळी निळ्या शाईत.

सोन्याबद्दल जे लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो मोठा वादक झाला असेल, परदेशात असेल, असं तुम्ही लोकांना सांगत होतात ना? तो सोफ्यांना कापड चढवण्याचं दुकान चालवतो. तुम्हाला पाहून त्याने तोंडातले खिळे हातात काढले आणि उभा राहिला. तुम्ही व्हायोलिनचं नाव काढलंत तेव्हा त्याने स्टूल घेतलं आणि कपाटावरून ते खाली काढलं, सोफ्याच्या कापडात गुंडाळलेलं. आणि म्हणाला, 'सर, मी ते मागितलं नव्हतं. घरी नेलं त्या दिवसापासून मला ते बघवत नव्हतं. तिचा चेहरा दिसायचा.' वर्षभरात त्याने तुमचा वर्ग सोडला, आजारपणाचं खोटं कारण सांगून. पुन्हा कधी वाजवलं नाही.

म्हणजे तुम्ही एका फटक्यात दोघांना गप्प केलंत. तिघांना. आईला धरा.

इतकी वर्षं मी सोन्याचाही राग करत होते. तुमच्यापेक्षा थोडा कमी, पण नेमाने. तुमच्या या पत्राने माझा एक शत्रू कमी झाला. त्याच्या वाटणीचा राग आता तुमच्याकडे वळवला आहे. फार मोकळं वाटतंय असं नाही.

तुम्ही लिहिता, 'त्या दिवशी माझी घाई झाली.'

घाई बस पकडताना होते, बाबा. दूध उतू जाताना होते. मुलीच्या खांद्यावरून तिच्या आईचं वाद्य काढून दुसऱ्याला द्यायला तुम्ही विंगेतून चालत मंचाच्या मध्यापर्यंत आलात, आणि परत गेलात, आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबून मग ते देऊन टाकलंत. त्याला घाई म्हणत नाहीत. त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. तो शब्द तुम्हीच शोधा, मी सुचवणार नाही.

व्हायोलिनची तारा उचलून धरणारी घोडी पडलेली होती, तारा गंजून तुटल्या होत्या, पोटावर एक चीर गेली होती. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने आत दिवा धरून बघितलं आणि म्हणाला, होईल. झालं. घरी आणलं आहे. तुम्ही दादाला फोनवर विचारायला लावलंत की तारा बसवल्या का, आणि मी वाजवून पाहिलं का. वाजवलं की नाही, वाजवते की नाही, कसं वाजवते, हे मी तुम्हाला कधीही सांगणार नाही. दादालाही सांगायचं नाही अशी शपथ घातली आहे. आयुष्यात एकदा तरी तुम्हाला माझा सूर ऐकायचा आहे आणि मिळत नाही, असं होऊ दे.

पण 'मग बघू' म्हणाले होते. म्हणून एक गाणं पाठवते. त्याच तिघी. एकच. पुढचं कधी पाठवेन, पाठवेन की नाही, ते माझ्या लहरीवर.


१७ ऑगस्ट

बाबा,

तुमची तीन पत्रं आली. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. तुम्ही कसे वाट बघता ते दादाकडून ऐकत होते. टपालवाला जिना चढतो तेव्हा तुम्ही दार उघडून उभे राहता म्हणे. छान.

तिसऱ्या पत्रात 'घाई'च्या जागी तुम्ही दुसरा शब्द लिहिलात. तो मी वाचला. त्यावर मला काही म्हणायचं नाही. तो बरोबर आहे.

आता बातमी. त्या तिघी आमच्या शहरात येणार आहेत, पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या रविवारी, दुपारी. जुन्या सिनेमागृहात. त्यांनी इस्त्रीचं दुकान बंद केलेलं नाही, फक्त रविवारी वाजवतात. मी तिकीट काढलं आहे. एकच. मावशीला त्या दिवशी लग्नाला जायचंय, म्हणून एकच.

तुम्हाला हे अशासाठी कळवते की त्या दुपारी तुम्ही तुमच्या खुर्चीत स्पीकरसमोर बसलेले असाल, आणि तुम्हाला माहीत असेल की मी आत्ता ते समोर बसून ऐकते आहे आणि तुम्ही नाही. त्या मंचावर कुणी टाळी वाजवून कुणाला थांबवणार नाही.

दारावरही तिकिटं मिळतात असं तिथल्या पाटीवर लिहिलं होतं. मी कुणासाठी जागा धरून ठेवत नाही.


२२ सप्टेंबर

बाबा,

तुम्ही आला होतात. मागून दुसऱ्या रांगेत, राखाडी कोटात, शेजारी दादा. मी तुम्हाला आत शिरतानाच पाहिलं. तुम्ही किती लहान दिसायला लागला आहात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी भेटले नाही. ठरवूनच. मध्यंतरात तुम्ही उभे राहून मला शोधत होतात. आधी पुढच्या रांगा, मग बाजूच्या, मग दारात जाऊन बाहेर. मी चहाच्या खिडकीजवळच्या खांबाआड होते. दादाने मला पाहिलं, मी ओठांवर बोट ठेवलं, तो बिचारा लगेच छताकडे बघायला लागला. तुम्ही एका बाईला मागून हाक मारलीत, तिने वळून बघितलं, ती मी नव्हते. तुम्ही माफी मागितलीत तिची. मी सगळं बघत होते. खरं सांगते, मला ते फार आवडलं. कुणीतरी मला इतका वेळ शोधतंय आणि मी सापडत नाही. यासाठीच तुम्हाला बोलावलं होतं असं समजा.

उत्तरार्धात मी अशी जागा धरली की मान वळवली की तुम्ही दिसाल. तुमच्याकडेच बघत बसायचं ठरवलं होतं. सूर खाली येईल तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो ते मला बघायचं होतं, अगदी डोळ्यांत साठवून घ्यायचं होतं. आपलं ते गाणं झालं. तुम्ही डोळे मिटले होते. मी बघितलं. मिळालं मला हवं ते.

आणि मग शेवटी ती गाणारी म्हणाली, 'हे नवीन आहे. अजून आम्हालाही नीट येत नाही.'

आधी नुसता ड्रम, हातानेच वाजवलेला, कुणी दारावर हलकं थापटतंय तसा. मग अ‍ॅकॉर्डियनमधून सूर नाही, फक्त हवा. आत-बाहेर. बराच वेळ तेवढंच. लोक चुळबुळ करायला लागले. मग तिने एकच शब्द गायला, जवळजवळ बोललाच, आणि ती गप्प झाली, आणि ते अ‍ॅकॉर्डियन एकटंच वर निघालं. मला वाटलं आता ते परत येईल, तिच्याकडे, तिच्या सुरावर. आलं नाही. वर गेलं आणि तिथंच राहिलं, आणि तीही त्याला बोलवायला गेली नाही, तिने आपल्या जागी दुसरंच काहीतरी सुरू केलं. दोन वेगळी गाणी, एकाच वेळी, आणि दोन्ही खरी. असं मी कधी ऐकलं नव्हतं. पुढे काय येणार ते मला कळतच नव्हतं.

त्या गाण्यात मी तुमच्याकडे बघायचं विसरले.

शेजारच्या बाईने माझ्या हाताला स्पर्श केला तेव्हा मी भानावर आले. दिवे लागले होते, माझं तोंड उघडं होतं. वळून पाहिलं तर तुमच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

दादाला फोन केला. तो म्हणाला, घरी जायची शेवटची बस संध्याकाळचीच होती, म्हणून ते नवीन सुरू होताना आम्ही उठलो. पण बाबा दारापाशी थांबले, हलेनात. तो टॅक्सी बघायला बाहेर गेला. तुम्ही किती ऐकलंत, कुठवर ऐकलंत, ते त्याला माहीत नाही.

मी तुम्हाला माफ केलेलं नाही. ते तसंच राहील, त्याची तुम्ही काळजी करू नका. पण ते गाणं अजून कुठंही मिळत नाही, मी शोधलं. मावशी आली नव्हती. शेजारची बाई अनोळखी होती, ती निघून गेली. सकाळपासून मी लॅबमध्ये बसले आहे आणि मला कुणाशी तरी त्याबद्दल बोलायचं आहे, आणि ज्याने ते ऐकलं असेल असा एकच माणूस माझ्या ओळखीचा आहे.

अ‍ॅकॉर्डियन वर गेलं आणि परत आलं नाही, तेव्हा तुम्ही दारात होतात का?

दादाकडून निरोप पाठवू नका. तुम्हीच लिहा. लवकर लिहा.